साहेबांना भेटायचंय

सोमवार, ४ मार्च

दादा,

नमस्कार. उलट नमस्कार आला नाही तरी चालेल, दोन वर्षांत सवय झाली आहे.

एक घोर अन्याय तुझ्या कानावर घालायचा आहे. नगरपालिकेच्या बालविभागात खिडकीसमोरच्या फळीवर एक पेन असतं. चोरीला जाऊ नये म्हणून ते सुतळीने खिळ्याला बांधलं आहे, आणि सुतळी जेमतेम वीतभर. अर्ज फळीवर ठेवला की पेन पोचतं फक्त पहिल्या ओळीपर्यंत. नाव लिहून होतं. पत्त्यासाठी अर्ज वर सरकवावा लागतो. सहीची ओळ येईपर्यंत अर्धा अर्ज खिडकीच्या आत गेलेला असतो, आतल्या बाई तो 'आला' समजून ओढायला लागतात, आणि नागरिक बाहेरून ओढत असतो. माझी सही पाहिलीस तर तुला वाटेल भूकंपात केली. मी माझं पेन काढलं, तर ते लाल. त्यांना लाल चालत नाही. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईकडे दुसरं कुठलं असणार?

मी तिथे कशाला गेले होते, हे तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. तुझ्या नातीसाठी. ती तीन वर्षांची झाली. आई नोकरीला असेल किंवा लागणार असेल, तर अशा मुलांचा नर्सरीचा खर्च सरकार उचलतं. मात्र प्रत्येक नर्सरीत अशा जागा मोजक्याच. आपल्या घरापासून पायी जाण्यासारखी नर्सरी एकच, आणि तिथे सरकारी जागा एकच उरली आहे.

तुझ्या लेकीला काम मिळालं आहे. कवळ्या बनवायच्या कारखान्यात, मेणात दात बसवायचं. घरी सराव करायची तेव्हा जेवणाच्या टेबलावर पाच-सहा जबडे मांडलेले असायचे. आपल्या घरात जेवताना इतके दात एकदम कधी दिसले नव्हते. पंधरा एप्रिलला रुजू व्हायचं. कारखान्यात पोर नेता येत नाही, मी दिवसभर छापखान्यात, आणि पैसे भरून ठेवायच्या नर्सरीची फी तिच्या पगाराला खाऊन वर ढेकर देईल अशी. तेव्हा ही जागा मिळाली तर नोकरी. नाही मिळाली तर काय, ते ती बोलत नाही. सासरहून मात्र निरोप येतात, "झालं ना फिरून? या आता परत."

आता तुझं काम. नर्सरीच्या हद्दीतला पत्ता लागतो. पत्ता आहे, पण बाबांच्या मागे घर आपल्या दोघांच्या नावावर. त्यामुळे ती इथे राहते त्याला हरकत नाही, असं दोघांनी लिहून द्यायचं. माझी नाही. तुझी आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण निदान कागदावर नसावी. सोबत कागद आहे, फुली केली आहे तिथे सही कर. सहीला आवाज नसतो, तेव्हा तुझा अबोला मोडणार नाही.

मला स्वतःला यात काही गोडी नाही. पोर घरात असलं की रविवारी दुपारी डोळा लागत नाही, एवढाच माझा स्वार्थ. मी तिला मुकादम म्हणते. कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि मला सांगते, "आत्याआजी, ते राहिलंय." बघावं तर काही ना काही राहिलेलं असतंच.

तुझी बहीण

बुधवार, १३ मार्च

दादा,

तुझा कागद आला नाही. माझा अर्ज मात्र परत आला.

त्याचं असं झालं की अर्जावर 'जन्मतारिख' छापलं होतं. मी 'जन्मतारीख' केलं. मग पुढे गेले. 'पालकाने पाल्यास स्वतः आणावे' यात स्वतः कोण, हे कळेना, तिथे समासात प्रश्नचिन्ह टाकलं. एका ठिकाणी अनुस्वार कमी होता, तो दिला. सगळं लाल पेनाने, नीटनेटकं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, यात खाडाखोड आहे. मी म्हटलं, ही खाडाखोड नव्हे, शुद्धलेखन आहे. त्या म्हणाल्या, शुद्धलेखनाचा अर्ज आमच्याकडे नाही, हा बालसंगोपनाचा आहे, आणि खाडाखोड असलेला बाद होतो.

घरी येऊन हे मोठ्या ऐटीत सांगितलं. तुझी लेक हातातला मेणाचा जबडा खाली ठेवून म्हणाली, "आत्या, माझी नोकरी ऱ्हस्व-दीर्घावर जाणार का?"

दुसरा अर्ज आणला. 'जन्मतारिख' हा शब्द अंगठ्याने झाकून धरला आणि पुढची तारीख लिहिली. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं मोठं पाप केलं नव्हतं.

बाकी सगळं तयार आहे, फक्त तू नाहीस. मला ठाऊक आहे तुझं काय म्हणणं आहे. बापाचं घर उघडं असताना पोरगी आत्याच्या दारात गेली, म्हणजे आत्याने फूस लावली. अरे, फूस लावायला पूर्वतयारी लागते. ती आली तेव्हा मी केसांना रंग लावून बसले होते. दार उघडलं तर काळे ओघळ कानापर्यंत आलेले. पोराला कडेवर घेऊन असल्या ध्यानाच्या आश्रयाला कोण येतं?

मी तिला तेव्हाच विचारलं होतं, बाबांकडे का नाही गेलीस म्हणून. ती जे म्हणाली ते तुला आजवर सांगितलं नाही. तुला राग यायचा तेवढा आलाच होता, वर आणखी कशाला? आता सांगते. ती म्हणाली, "बाबा आधी 'का' विचारतील. तू आधी पाणी देशील."

एवढंच. यात फूस कुठे आहे ते शोधून कळव. नाही तर सही करून कळव.

तुझी बहीण

मंगळवार, १९ मार्च

दादा,

कागद पोचला. पाकिटाला इतका डिंक लावला होतास की कात्रीने कडा कापून, आत हात घालून, वासराची सुटका करावी तसा तो बाहेर काढला. पाकीट उलटं करून झटकलं. आत चिठ्ठी नव्हती. ठीक आहे.

मात्र 'हरकत नाही' या शब्दांखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. एक मारली असतीस तर मी तुझ्या बँकेतल्या सवयीचा दोष मानला असता. दोन मी पाहिल्या, तिनेही पाहिल्या. कागद खिडकीत द्यायच्या आधी ती बराच वेळ हातात धरून बसली. आमचा नंबर पुकारला तरी उठेना, मागच्या माणसाने ढोसलं तेव्हा उठली.

अर्ज घेतला. आता मुकादमला परवाच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी अर्धा दिवस नर्सरीत बसवून पाहणार. पाहायच्या गोष्टी तीन. आपल्या हाताने खाते का. आई गेल्यावर सावरते का. आणि 'बालकास आपली नैसर्गिक गरज वेळेवर शब्दांत सांगता यावी.' ही तिसरी अट वाचून मी तिथेच बाकावर हसले. आपल्या घराण्यात ती किती जणांना झेपली असती रे?

मुकादम पास होणार यात शंका नाही. शब्दांचा तुटवडा तिला कधी पडला नाही.

तुझी लेक म्हणते, पगार सुरू झाला की कुठेतरी दोन खोल्या बघेन, तुला किती दिवस त्रास द्यायचा. मी म्हटलं, बघ की. माझं कपाट मोकळं होईल. सध्या माझ्या साड्यांच्या खणात सशाचे कान आणि एक लाकडी गाढव राहतं. चांगलंच होईल.

तुझी बहीण

गुरुवार, २८ मार्च

दादा,

आज जे झालं त्याला जबाबदार तू आहेस. मी तुला सगळं क्रमाने सांगते, म्हणजे पळवाट राहणार नाही.

सकाळी मुकादमला सोडलं. तुझ्या लेकीला थांबू देत नाहीत, म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन एकच रुमाल पुनःपुन्हा विकत न घेता उभी राहिली. मला 'आजी' म्हणून ओसरीत बसायची परवानगी मिळाली. तिथल्या खुर्च्या वीतभर उंचीच्या. मी बसले ती बसलेच, गुडघे हनुवटीला. पण आतलं सगळं ऐकू येत होतं.

खाणं आपल्या हाताने झालं. शेजारच्या मुलाचंही झालं, तेही हिच्याच हाताने. आई आठवून रडणं झालं नाही. एका रडणाऱ्या मुलीला तिने "झालं का?" असं विचारलं, तर ती दचकून थांबली. दोन अटी खिशात. आणि तेवढ्यात विभागातून पाहणीला एक साहेब आले. टाय, चकचकीत बूट, हातात फाईल. ते मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने मुकादम उठली, वर्गावरच्या पोरसवदा बाईंकडे गेली आणि स्पष्ट म्हणाली, "मला साहेबांना भेटायचंय."

दादा, मी त्या खुर्चीत होते. उठायचं म्हटलं, तर खुर्ची माझ्याबरोबर उठली.

वर्गबाईंना काय ठाऊक? त्या चकित झाल्या. म्हणाल्या, साहेब कामात आहेत, नंतर भेटू हं. मुकादम म्हणाली, नंतर नाही, आत्ता. बाईंना वाटलं, केवढी धीट पोर, साहेबांना आवडेल. हाताला धरून घेऊन गेल्या. साहेब खरंच खूश झाले. फाईल बाजूला ठेवून खाली वाकले आणि म्हणाले, बोल बाळ, काय काम काढलंस?

"साहेब कुठेत?"

"मीच साहेब."

तिने त्यांना पायापासून टायपर्यंत पाहिलं. "तू नाही. साहेब पांढरे असतात. त्यांच्यावर बसतात."

आणि मग, इतका वेळ धीर धरलेल्या त्या लेकराने, साहेबांच्या बुटांपाशी, गालिच्यावर, आपलं निवेदन सादर केलं.

आता आठवतं का? बाबांचं अख्खं आयुष्य रजेच्या अर्जात गेलं. संध्याकाळी घरात पाऊल पडलं की आई विचारायची, काय म्हणाले साहेब? कधी 'मंजूर', बहुतेकदा 'बघू'. आणि तू, आठ वर्षांचा, पाहुण्यांसमोर जेवता जेवता उठलास आणि अदबीने म्हणालास, जरा साहेबांना भेटून येतो. परत आलास तेव्हा बाबांनी तोंडावरची रेघ न हलवता विचारलं, "काय म्हणाले साहेब?" तू म्हणालास, "मंजूर." पाहुणे म्हणाले, मुलगा फार वळणाचा आहे. त्या दिवसापासून या घरात कोणी त्या खोलीत गेलं नाही, सगळे साहेबांनाच भेटले. तुझ्या लेकीला तू हेच शिकवलंस, तिने तिच्या लेकीला हेच शिकवलं. तुझ्याशी बोलणं बंद झालं, पण तुझा शब्द रोज सकाळी या घरात वापरात आहे.

वर्गबाईंनी शेऱ्यात लिहिलं, 'गरज सांगता येत नाही.' मी खुर्चीसकट आत गेले. म्हटलं, बाई, तिने सांगितलं. वेळेवर सांगितलं, शब्दांत सांगितलं, दोनदा सांगितलं. तुम्हाला कळलं नाही, त्याला तिने काय करावं? मोठ्या बाई म्हणाल्या, आम्ही कळवू. साहेब बूट पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मुकादम परत आली ती नर्सरीची चड्डी घालून. पिवळी, खिशावर निळा हत्ती. आतल्या पट्टीवर लिहिलंय, 'नर्सरीची. धुऊन परत करावी.'

दुकानापाशी तुझी लेक आमची वाट बघत होती. आधी तिने चड्डी पाहिली, मग माझा चेहरा.

तुझी बहीण

शनिवार, ६ एप्रिल

दादा,

अजून काही कळवलेलं नाही. दुसरी एक मुलगीही त्या जागेसाठी रांगेत आहे म्हणतात. ती 'शू' म्हणते. सरळ, सर्वमान्य, शासनमान्य शब्द.

आम्हीही घरात तो आणून पाहिला. तुझ्या लेकीने मुकादमला समोर बसवून समजावलं की आजपासून असं म्हणायचं. तिने ऐकून घेतलं. दुपारी उठली, दारापर्यंत गेली, आमच्याकडे वळून म्हणाली, "शू साहेबांना भेटायचंय." आता ते शूसाहेब झाले आहेत. बढती मिळाली.

यावर तुझी लेक हसली. नुसती हसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे पुसत हसत राहिली. मी तिला इथे आल्यापासून असं हसताना पाहिलं नव्हतं. मुकादम कमरेवर हात ठेवून आम्हा दोघींकडे बघत होती. आमचं काहीतरी राहिलंय असं तिला वाटलं असावं. हसू ओसरल्यावर तुझी लेक म्हणाली, "बाबा इथे असते तर म्हणाले असते..." आणि उठून भांडी घासायला गेली.

ते पिवळं वस्त्र धुऊन, वाळवून, टेबलावर ठेवलंय. जागा मिळाली तर मुकादमबरोबर जाईल. नाही मिळाली तर मला एकटीला नेऊन द्यावं लागेल, त्या दारातून, ते आत्ता मनात आणत नाही.

सासरचा निरोप परत आला. फोन ठेवल्यावर तिने एक दात मेणात उलटा बसवला. तिच्या हातून असं होत नाही.

तुझी बहीण

मंगळवार, १६ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड शुक्रवारी आलं, आणि नर्सरीचंही शुक्रवारीच. पोस्टमनने दोन्ही एकदम दिली. आधी कुठलं वाचायचं यावर दारातच आमचा वाद झाला. मी नर्सरीचं म्हटलं, तुझी लेक म्हणाली, आधी बाबांचं. तिच्या हातात दिलं.

दोन वर्षांनी कार्ड पाठवलंस. पत्ता चार ओळींचा, आणि मजकूर तीन शब्दांचा. छापखान्यात असा ऐवज आला असता तर मी समासात लिहिलं असतं, 'मूळ प्रत तपासावी, मजकूर गळलेला दिसतो.' पण इथे काही गळलेलं नाही.

तिने ते मोठ्याने वाचलं. "काय म्हणाले साहेब?"

मुकादम खाली बसून लाकडी गाढवाला जेवायला घालत होती. मान वर न करता तिने सवयीने सांगितलं, "मंजूर."

मग नर्सरीचं पाकीट उघडलं. दादा, पोरगी बरोबर बोलली होती.

नंतर सगळा प्रकार कळला. शेऱ्यावर शेवटचा निर्णय त्या साहेबांचाच होता. त्यांनी 'गरज सांगता येत नाही' यावर काट मारून लिहिलं, 'सांगता येते. कर्मचाऱ्यांनी शब्द शिकून घ्यावा.' खाडाखोड होती ती, दादा, चांगली ठसठशीत, आणि खिडकीतल्या बाईंनी ती निमूट घेतली. माणसाचे बूट भिजले आणि तरी त्याने न्याय केला. असल्या साहेबाकडे बाबा असते तर वर्षातले सहा महिने घरी असते. वर्गबाईंनी शब्द इतका मनावर घेतला की नर्सरीतल्या त्या खोलीच्या दारावर टाय लावलेल्या माणसाचं चित्र चिकटवलं. आता सगळा वर्ग साहेबांना भेटतो. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या की पुढच्या पाहणीच्या दिवशी ते चित्र काढून ठेवू.

तुझी लेक काल रुजू झाली. संध्याकाळी आली ती नखांत मेण घेऊन, आणि जेवताना समोरच्याच्या दातांकडे टक लावून बघायची खोड घेऊन. खोल्यांचं मी आपण होऊन विचारलं, मनाचा मोठेपणा दाखवायला. म्हटलं, आता शोधायला लागायला हवं. ती म्हणाली, "आत्या, जागा पत्त्यावर मिळाली आहे. पत्ता बदलला की जागा जाते. वाचलं नाहीस का?" मी तो अर्ज दोनदा भरला, त्यातले अनुस्वारसुद्धा मोजले, आणि हे वाचलं नव्हतं. सरकारचे नियम कधीकधी फार विचार करून केलेले असतात. गाढव साड्यांच्या खणातच राहील.

एक काम राहिलंय. नर्सरी चारला सुटते. मुलाला न्यायला येऊ शकतील अशी तीन माणसं कळवायची असतात, चौथ्या कोणाच्या हाती पोर देत नाहीत. आई पाचला सुटते. मी मालकाशी भांडून चार दिवस लवकर निघायची सोय केली, बुधवारी मात्र अंक छपाईला जातो, तेव्हा जमणार नाही. पहिलं नाव मी माझं लिहिलं. दुसरं तुझ्या लेकीचं. तिसऱ्या रकान्यात तिने तुझं लिहिलं. मला विचारलं नाही, आणि तुला तर नाहीच. खाली नातं लिहायचं होतं, तिथे 'आजोबा' लिहून तिने खाली दोन रेघा मारल्या. उद्याच्या बुधवारी शेजारीण जाईल म्हणून तात्पुरतं कळवलंय. त्याच्या पुढच्या बुधवारचं तू बघ. येशील तेव्हा दार मी उघडेन, तुला आधी पाणी देईन.

काल सकाळी मुकादमला मीच सोडलं. ती आत गेली, मागे वळली, म्हणाली, "जा आता," आणि गेली. मी बूट ठेवायच्या कपाटाशी थोडी रेंगाळले. बदलायच्या कपड्यांचा खण तिथेच शेजारी असतो. पिशवीतून ती पिवळी चड्डी काढली. धुतलेली तर होतीच, मी तिला इस्त्रीही केली होती, आणि हत्तीच्या सोंडेची सुटलेली शिवण घातली होती. इतर चड्ड्यांच्या मधोमध ठेवली, खण लोटला. कोणी पाहिलं नाही. मग छापखान्यात गेले.

तुझी बहीण